धुतलेले दगड

यशवंतअण्णांच्या घरी गेलं की ते आधी आलेल्याचे हात हुंगतात. नमस्कार त्यानंतर. साबणाचा, अत्तराचा, अगदी खोबरेल तेलाचा वास आला तरी माणूस दारातच उभा. "स्वल्प थांब. नुसत्या पाण्यानं धुऊन ये." कारण हॉलमध्ये त्यांची खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी. तिच्यात प्रवाळ, आणि नारिंगी माशांची एक म्हातारी जोडी.

जे. पी. नगरात त्यांच्या वरच्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहिले. मी जत तालुक्यातली, आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. समुद्र अजून पाहिलेला नाही, अण्णांची टाकी तेवढी पाहिली आहे. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच कानडी शहरातलं, मराठीही बोलतात ती कानडी मिसळून. कुणी तब्येत विचारली तर ते टाकीची सांगतात. "काल पाणी स्वल्प गरम होतं. आता सरी, ठीक."

यंदा घर विकून त्यांनी के. आर. पुरमला मुलीच्या शेजारी फ्लॅट घेतला. मुलीनं, सुमाअक्कानं, बजावलं होतं, "अप्पा, तुमच्याच्यानं आता हे होत नाही. हलवताना काही बिघडलं तर टाकी देऊन टाकायची." अण्णा "सरी" म्हणाले. पण त्या आठवड्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

हलवायच्या दिवशी मासे आणि प्रवाळ अण्णांनी स्वतः बादल्यांत घेतले. टाकीतले बाकीचे दगड क्रेटमध्ये काढून ठेवले. ते बुळबुळीत दगड बघून मला वाटलं, नव्या घरात ही घाण कशाला? आमच्याकडे घर बदलताना भांडंन्‌भांडं घासून नेतात. मी क्रेट मागच्या नळावर नेला. साबण चालत नाही हे लक्षात ठेवून नुसत्या काथ्यानं तासभर घासलं. कंबर मोडली, पण दगड पांढरे झाले.

टेम्पो तीन तास ट्रॅफिकमध्ये होता. अण्णा मागे बसून हातानं बादल्यांतलं पाणी ढवळत होते आणि दर खड्ड्याला "मेल्लगे, हळू" म्हणत होते. शेवटी ड्रायव्हरनं कानडीत विचारलं, "मागे बाळंतीण आहे का?"

नव्या घरी अण्णांनी क्रेट उघडला. एक दगड उचलून हुंगला.

"कुणी धुतले?"

"मी."

ते खाली बसले. "यांच्यात जीव असतात गं. डोळ्यांना दिसत नाहीत. तेच पाणी साफ ठेवतात. ते नसले की मासे आपल्याच घाणीनं मरतात."

ते रागावले नाहीत. तेवढी ताकदच उरली नव्हती. प्रवाळाला चिकटून बादलीत गेलेला एक दगड तेवढा वाचला होता. आता महिनाभर रोज पाणी बदलायचं, मग कदाचित मासे जगतील.

तेवढ्यात सुमाअक्का आली. तिनं दगड पाहिले. "हे कुणी धुतले?"

मी तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "मीच. विसरलो."

"मी म्हणत होते ना, अप्पा."

"म्हणत होतीस."

"एक जरी मासा गेला तर टाकी जाईल हं." एवढं बोलून ती जेवण आणायला गेली.

मी म्हणाले, "अण्णा, मी तिला खरं सांगते."

"नको," अण्णा बादलीत बघत म्हणाले. "मग पुढच्या रविवारी तुला इथं यायला जड जाईल."

पुढच्या रविवारी मी येणार, असं आमचं काही ठरलं नव्हतं.