पहिलं 'नको'

"आजपासून घरात सगळ्यांनी प्लीज म्हणायचं!" विद्याश्रीनं फर्मान काढलं, तेव्हा विरूपाक्षअण्णा आइसलँडमध्ये होते. म्हणजे बसले होते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतच. पण मांडीवर आइसलँडिक भाषेचं पुस्तक उघडं होतं आणि डोळ्यांपुढं निळसर बर्फ, मावळायचं विसरलेला सूर्य, लांबवर एकच घर. रंकाळ्याकडून येणारा वारासुद्धा त्यांना तिकडचाच वाटत होता.

लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेल्या या नातीनं जर्मनीत शिकताना आइसलँडचा एक मुलगा पसंत केला होता. त्याची आई गुद्रूनबाई आता कोल्हापूरला येणार होती. चार दिवस राहून, माणसं बघून मगच ती होकार देणार होती.

"आपलं बोलणं म्हंजे बाहेरच्यांना भांडण वाटतंय," विद्याश्री म्हणाली. "आणि आज्जी, एकदा नको म्हटलं की परत वाढायचं न्हाय. त्यांच्यात जबरदस्ती चालत नसती."

"अगं, पहिलं नको कुणी मोजतंय व्हय?" मल्लव्वा म्हणाल्या.

"मोजायचं! माझ्या लग्नाचा प्रश्न हाय."

अण्णांनी मनाशी ठरवलं, आपण पाहुणीला तिच्याच भाषेत 'प्लीज' म्हणायचं. पुस्तकात शब्द शोधायला लागले, तर सापडेना. शेवटी एका पानावर लिहिलं होतं, की रोजच्या बोलण्यात तिकडं 'प्लीज'ला नेमका शब्दच नाही. कॉफी हवी तर 'कॉफी, थाह्क' म्हणजे 'कॉफी, आभार' एवढ्यावर भागतं. एक लांबलचक शब्द आहे, पण तो बहुतेक पाट्यांवरच असतो. अण्णांना आपला 'कृपया' आठवला. कृपया चपला बाहेर काढा. पाटीवरून उतरून तो कुणाच्या तोंडात गेलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. इतक्या लांब बर्फात आपल्यासारखीच माणसं! हे नातीला सांगावं म्हणून ते उठलेसुद्धा. मग वाटलं, आपल्यालाच नीट कळलं नसेल. पुस्तक जुनं असेल. ते परत खुर्चीत बसले.

घरात सराव सुरू झाला. सकाळी मल्लव्वा दूधवाल्या कृष्णातला म्हणाल्या, "अर्धा लिटर दे बाबा, प्लीज."

कृष्णातचा हात थांबला. "काकू, काय चुकलं का माझं? दूध बंद करायलाय व्हय?"

शेजारच्या गणपतरावांनाही समज दिली गेली. "प्लीज?" ते कुंपणापलीकडून ओरडले. "आमच्या हिला म्हणालो असतो तर तिनं डॉक्टरला बोलावलं असतं की!"

गुद्रूनबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, आजऱ्याचा घनसाळ भात. त्यांनी पहिली पोळी डोळे मिटून खाल्ली. मल्लव्वांनी अदबीनं डबा पुढं केला. "प्लीज?"

"नो, थँक यू."

मल्लव्वांचा हात सवयीनं पोळीकडं गेला. विद्याश्रीनं डोळे वटारले. डबा माघारी गेला. डोळ्यांदेखत एसटी सुटून जावी आणि आपण फाट्यावरच राहावं, तशा नजरेनं पाहुणी डब्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच. प्लीज चहा, नो थँक यू, चहा परत. प्लीज भाकरी, नो थँक यू, भाकरी परत. मल्लव्वांना तर एवढं कमी वाढून ताप आल्यासारखं वाटायला लागलं.

रात्रीच्या जेवणाआधी विद्याश्री रडवेली होऊन स्वयंपाकघरात आली. "उद्याच जाते म्हणत्यात. तिकीट बदलून मागितलंय. झालं सगळं! आणखी प्लीज म्हणायला पायजे होतं."

अण्णा दारातच उभे होते. त्यांच्या डोळ्यांपुढं कृष्णातचा चेहरा आला. 'काय चुकलं का माझं?' तसाच चेहरा बाहेर, ताटापुढं बसला होता. आपलं चुकत असेल, असं त्यांना वाटलंच. पण चुकलं तरी आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी डब्यातून पोळी उचलली आणि ते बाहेर गेले.

"नो, थँक..."

"घे की!" अण्णा गरजले. जन्मात न चढलेला आवाज असा चढला, की ते स्वतःच दचकले. "खा! वाळून चाललीयास!" आणि पोळी ताटात थपकन पडली.

विद्याश्रीनं तोंड ओढणीत लपवलं. कुंपणापलीकडं गणपतरावांचा रेडिओ बंद झाला.

गुद्रूनबाईंनी पोळीकडं पाहिलं, मग अण्णांकडं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "थाह्क," त्या म्हणाल्या, आणि तुपाची वाटी स्वतःच पुढं ओढली.

ती पोळी संपल्यावर त्या विद्याश्रीशी इंग्रजीत बराच वेळ बोलल्या. विद्याश्रीनं अण्णांना सांगितलं, "अज्जा, त्या म्हणत्यात, त्यांच्या आजीकडं पण पहिलं नको धरत नव्हते. एवढं गोड फक्त नावडत्या पाहुण्याशी बोलायचे. त्यांना वाटलं, आपल्याला त्यांचं येणं आवडलं न्हाय. तिकिटाचं राहू दे म्हणत्यात."

हे ऐकून मल्लव्वांनी पदर खोचला. तिसरी पोळी पडली. चौथी पडली. कुंपणावरून गणपतराव ओरडले, "वाढा की पावण्यांस्नी!" पाचवी हवेत असताना गुद्रूनबाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि त्या कळवळून म्हणाल्या, "प्लीज!"

अण्णा खुर्चीत मागं रेलले. एवढ्या दिवसांत हा शब्द या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून म्हणालं होतं.

"काय म्हणाली?" मल्लव्वांनी विचारलं.

"नको म्हणाली," अण्णा म्हणाले.

"पहिलंच हाय," म्हणत मल्लव्वांनी तिचे हात बाजूला केले.