वॉल्टरची अर्धी कापणी

रविवारी दुपारी बरोबर पावणेतीनला वॉल्टरचा संगणक पुन्हा एकदा मेला. पडद्यावरचं कापणीयंत्र गव्हाच्या मधोमध थिजलं, पडदा काळा झाला आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात डबा आपणहून सुरू झाला. कापलेला सगळा गहू मात्र गेला तो गेलाच.

फोनच्या स्पीकरवर त्याचा मेहुणा ओरेस्ट खदाखदा हसला. "पळालास ना, वॉली? सलग चौथा रविवार!"

"पळालो नाही रे, मशीन बंद पडलं."

"हरायला लागलास की बरं बंद पडतं! नाचता येईना, अंगण वाकडं."

चाळीस वर्षं सस्कॅचेवान प्रांताच्या मातीत खरा गहू पिकवल्यावर वॉल्टर हनाट्युकने गुडघ्यांपायी जमीन विकली आणि योर्कटन गावात जुनं घर घेतलं. आता हिवाळाभर तो संगणकावर शेती करायचा. ओरेस्टचंही तेच. दर रविवारी दोघांची शर्यत लागायची, कोणाचा गहू आधी कोठारात पोचतो त्याची. यात हसण्यासारखं काही आहे, असं दोघांनाही वाटत नसे.

गोष्ट घरात राहिली असती तर ठीक होतं. पण बुधवारी सकाळी ओरेस्टने ती गावातल्या कॉफीच्या दुकानात, नेहमीच्या टेबलावर सात शेतकऱ्यांना सांगितली. वॉल्टर आत शिरताच एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय म्हणतंय पीक? प्लग घट्ट आहे ना?" ज्या टेबलावर त्याच्या शब्दाखातर लोकांनी ट्रॅक्टर घेतले होते, तिथे तो रडीचा डाव खेळणारा ठरला. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

"दुकानात दे की दुरुस्तीला," त्याची बायको मार्लीन म्हणाली.

"कापणीचं अख्खं कंबाइन खोलून बसवलंय मी. हा एवढासा डबा काय चीज आहे!"

डबा उघडला तर आत धूळ, मांजराचे केस आणि थेट जुन्या शेतावरून आलेला भुसा. वॉल्टरने तो गॅरेजमध्ये नेऊन टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राने झोडपला. भुसा उडाला, त्याबरोबर आतल्या पंख्याचं एक पातंही उडालं. मग त्याने टेबलावरचा पंखा आणला आणि गवताचे भारे बांधायच्या सुतळीने डब्याला करकचून बांधला. मंगळवारी एकट्याने चार तास खेळून पाहिलं. डबा शहाण्यासारखा चालला.

रविवारी पावणेतीनला पुन्हा मेला.

"मशीन तापतंय," वॉल्टरने निदान केलं. पुढच्या रविवारी त्याने डबा खिडकीशी नेला आणि खिडकी उघडली. बाहेर उणे तीस होतं.

"माझी झाडं मरतील ना!" मार्लीन ओरडली आणि कुंड्यांपाशी विजेचा हीटर लावून गेली. हीटर थोड्या थोड्या वेळाने पेटायचा. त्या दिवशी संगणक तीनदा मेला.

"बघ! अजून तापतंय!" म्हणून वॉल्टरने त्याच्या पुढच्या रविवारी पडदे काढून दुसरीही खिडकी उघडली. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर दोन ब्लँकेटं घेऊन तो कापणीला बसला. आपण चांगलेच पुढे आहोत असं त्याला वाटत होतं. पावणेतीन वाजले. उघड्या खिडकीतून त्याला मार्लीन दिसली. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून निघण्याआधी दोन तास गाडीला वीज लावून ठेवायची, हे तिथे घराला कडी घालण्याइतकं अंगवळणी पडलेलं. तिने गाडीची वायर घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटात खुपसली. डोक्यावरचा दिवा मिणमिणला आणि संगणक गेला.

"मार्लीन! काय केलंस?"

"गाडीला वायर लावली. दर रविवारी लावते. पाचला चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगी करायला जायचं असतं मला."

"आणि दर रविवारी माझं पीक बुडवतेस!"

"मी? हे सॉकेट तुझ्या खोलीच्या लाइनवर कोणी जोडलं? वायरमन कशाला हवा म्हणाला होतास ना!"

खेळताना म्हातारा डबा आधीच धापा टाकायचा, त्यात त्याच लाइनवर गाडीने किंवा हीटरने वीज ओढली की त्याचा जीवच जायचा. वॉल्टरने खिडक्या लावल्या, हीटर उचलला आणि गाडीची वायर गॅरेजमधल्या सॉकेटला नेली. बुधवारी कॉफीच्या टेबलावर त्याने रुमालावर चित्र काढून सगळं समजावलं. ओरेस्टने मोठ्या मनाने माफी मागितली. वॉल्टरला इतकं हलकं वाटलं की सगळ्यांना कॉफी त्यानेच पाजली.

त्या रविवारी पहिल्यांदाच शर्यत शेवटपर्यंत झाली. संगणक एकदाही अडला नाही. ओरेस्टचा गहू कोठारात पोचला तेव्हा वॉल्टरचं निम्मं शेत उभं होतं.

"तुझ्यावर उगाच संशय घेतला, वॉली," ओरेस्ट कळवळून म्हणाला. "तू पळत नव्हतास. तू खरंच हरत होतास."

बुधवारी टेबलावर कोणी चेष्टा केली नाही. सगळ्यांनी त्याला फक्त समजून घेतलं, आणि तेच त्याला सोसवेना. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा, सगळे तसेच गेले.

एप्रिलमधल्या एका रविवारी ओरेस्टचं शेवटचं वावर तेवढं कापायचं उरलं होतं. वॉल्टरने फोनवर हात ठेवला आणि हळूच हाक मारली, "मार्लीन, गाडीला वायर लावतेस का?"

"आत्ता? अरे, बर्फ वितळून दारात पाणी वाहतंय!"

"थंडीचा काय भरवसा," वॉल्टर म्हणाला. "आणि गॅरेजमध्ये नको. भिंतीवरच्या सॉकेटला लाव. पण जरा लवकर."