उडणाऱ्या मुलीचा सूट आणि मारुतीअण्णा

आमच्या वाचनगटात मारुतीअण्णा पहिल्यांदा बोलले ते एका उडणाऱ्या मुलीच्या बगलेबद्दल.

"ही पोरगी हात वर करून उडते म्हणता," ते म्हणाले. "बाहीचा मुंढा एवढा तंग, आत अस्तर नाही. पहिल्या उडीला बगलेत उसवणार. हे पुस्तक लिवलेली बाई कधी ब्लाउजसुद्धा शिवली नाही."

खोलीत अकरा मुलं होती, सगळी बारा ते सोळा वयाची. आणि हे एकटे चौऱ्याहत्तरचे. मुलं माझ्याकडे बघायला लागली, कारण गट चालवणारी मी. चालवणारी म्हणजे काय, तर एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत हे काम कोण घेणार असं विचारलं गेलं, तेव्हा मी फोनमध्ये ऑफिसचा मेल वाचत होते आणि मान खाली असलेल्या माणसाचं नाव लिहून घेणं सोपं असतं. मी सांगलीची. बारा वर्षं बेंगळुरूत आहे आणि त्यातली दहा तरी दमलेली आहे. दर शनिवारी सकाळी क्लब हाऊसची किल्ली आणायची, खुर्च्या मांडायच्या, मुलांची मतं वहीत लिहून घ्यायची. लिफ्टमधल्या नोटिशीवर 'सर्वांसाठी' असं मीच छापलं होतं. अण्णांनी ते वाचलं आणि आले. त्यांना नाही म्हणायला लागणारी ताकद माझ्यात शिल्लक नव्हती.

मारुतीअण्णा शिंपी. इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरला त्यांचं दुकान होतं, वडिलांचं, त्याआधी आजोबांचं. घराणं इतकं जुनं बेंगळुरूचं, की आपण मूळ कुठले हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठीच, पण ती आमच्या कानाला जरा वेगळी. 'मी बघितलो', 'मी शिवलो', मध्ये कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडं, शेवटी 'सरी' म्हणजे बरं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं आणि मुलगा त्यांना आमच्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर घेऊन आला. दुकान गेलं, पण डोळ्यांना कुणी सांगितलं नाही. अण्णा लिफ्टमध्ये माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचा शर्ट बघतात. आमच्या सेक्रेटरींना त्यांनी भर सभेत सांगितलं, की तुमचा खिसा अर्धा इंच खाली बसलाय. सेक्रेटरी तेव्हा पाण्याच्या टाकीवर बोलत होते. त्यांचं बोलणं संपल्यावर अण्णांनी हात वर केला आणि विचारलं, "सरी. पण अस्तर कुठं?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. टीव्हीवर पुढारी बोलला की अस्तर कुठं. सुनेनं नात्यातल्या मुलीसाठी लग्नाचं स्थळ आणलं, मुलगा शिकलेला, घर चांगलं, की सरी, पण अस्तर कुठं. म्हणजे बाहेरून बरं दिसतंय, आतून काय लावलंय ते दाखवा.

तर ते पुस्तक. बंदराच्या गावातली पंधरा वर्षांची मुलगी, जन्मापासून एका पायानं लंगडणारी. दीपगृहात कसलातरी स्फोट होतो आणि तिला शक्ती येते. मग ती एका रात्रीत स्वतःचा सूट शिवते आणि गाव वाचवते. पुस्तक इंग्रजी. अण्णांचं इंग्रजी कंटोन्मेंटच्या गिऱ्हाइकांकडून आलेलं. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी ते महिनाभर वाचलं, आणि सूट शिवण्याची चार पानं सहा वेळा. एका रात्रीत कसं शक्य आहे, 'पोरगी कापड भिजवली कधी, वाळवली कधी', हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा मी ऑफिसच्या कॉलवर असताना आमच्या तळमजल्याच्या खिडकीतून विचारलं.

मुलांची मतं वेगळी होती. पहिली साठ पानं नुसती शाळाच आहे. खलनायक फार लवकर माफी मागतो. वडील मरायला नको होते. प्रेमप्रकरण काढून टाकलं तर एक तारा जास्त देईन. मी सगळं वहीत उतरवत होते. माझी मुलगी इरा, वय तेरा, तिनं नुसते दोन तारे लिहून चिठ्ठी सरकवली. कारणाची जागा कोरी.

मी विचारलं नाही. इराला काही विचारायचं असलं की आधी माझीच तयारी लागते. मागच्या वर्षी तिच्या पाठीचा कणा वाकतोय असं कळलं. तेव्हापासून ती कपड्यांच्या आतून पट्टा घालते. पट्टा म्हणजे काखेपासून कमरेपर्यंतचं प्लास्टिकचं कवच, दिवसाचे अठरा तास. शाळेचा कुडता आम्ही दोन साइझ मोठा घेतला, आत काही आहे हे दिसू नये म्हणून. ती त्यात तंबूत बसल्यासारखी दिसायची. रोज सकाळी पट्ट्यावरून भांडण, रोज संध्याकाळी व्यायामावरून. दोघींनाही कंटाळा आला होता, आणि कंटाळा आला हे म्हणायचाही.

त्या शनिवारी तन्वी नावाची मुलगी म्हणाली, की तिला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे शक्ती आल्यावर नायिकेचं लंगडणं जातं ती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. इरा खाली बघून म्हणाली, "लंगडत असती तरी उडली असतीच की. उडायला पाय कुठे लागतात?"

 मग अण्णा उठले.

"ही बरोबर बोलली," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी मापं घेतलो. दोन्ही खांदे सारखे असलेलं माणूस एक बघितलो नाही. देवाच्या कारखान्यात ते होतच नाही."

मुलांना हे पटेना. मग प्रत्येकाला आपलं माप हवं झालं. अण्णा ओळीनं फिरले, हात न लावता, नुसते डोळ्यांनी. तुझा डावा, पाव इंच. तुझी मान पुढे. तुझा एक हात लांब, बॅग त्याच खांद्यावर टाकतेस. तन्वीचा उजवा खांदा अर्धा इंच खाली निघाला आणि ती खिडकीच्या काचेत बघून आली. मग ते इरासमोर थांबले. माझा पेन हातात तसाच राहिला.

"उजवा, पाऊण इंच," त्याच आवाजात अण्णा म्हणाले, आणि पुढच्याकडे वळले.

"एक इंच," इरा म्हणाली.

अण्णांनी परत वळून बघितलं. "एक होतं असेल. आता पाऊण. आतला पट्टा काम करतोय."

पट्ट्याचं गटात कुणालाच माहीत नव्हतं. मला इतका राग आला, की खुर्च्या आवरताना एक माझ्याच पायावर पडली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, मी भांडायच्या तयारीनं नवव्या मजल्यावर गेले. इरा मागे लागून आली. तिच्या हातात तो तंबूसारखा कुडता होता. मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, की हा तुम्ही नीट करून द्याल का.

अण्णांनी हात पुढे केले. दोन्ही थरथरत होते. मी दोन वर्षं त्यांना बघत होते, पण ते हात कायम पाठीमागे बांधलेले असायचे, आणि मला ती ऐट वाटायची.

"मी बेडा, मी नको," ते म्हणाले. "सुईत दोरा जात नाही. तू शिवशील तर सांगतो."

दुकानातली मशीन बाल्कनीत होती. सुनेनं तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. कुंड्या उतरवल्या, तेल घातलं. माप घ्यायला इरा उभी राहिली, तेव्हा अण्णांनी टेप माझ्या हातात दिली आणि तिला विचारलं, "आधी हे सांग मा, पोरी. लपवायचं, की नाही?"

इरा माझ्याकडे बघायला लागली. मी या प्रश्नाचं उत्तर वर्षभर देत होते, पण मला तो कुणी विचारला नव्हता आणि तिलाही मी विचारला नव्हता.

"शाळेत लपवायचं," तिनं सांगितलं. "घरी घालायच्या कुडत्याला नको. तो पट्ट्यावर बरोबर बसला पाहिजे."

"सरी," अण्णा म्हणाले.

घरच्या नव्या कुडत्यापासून सुरुवात झाली. चार रविवार गेले. अण्णांइतकं कडू बोलणारा मास्तर मी पाहिला नाही. शिवण दोनदा उसवायला लावली. कॉलरवरून इरा रडली आणि खाली निघून गेली, अर्ध्या तासानं परत आली. मी बाल्कनीच्या पायरीवर बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचे आणि मशीनच्या आवाजात मला डुलकी लागायची. त्या महिन्यात आमचं पट्ट्यावरून भांडण थांबलं असं नाही. पण रविवारी नसायचं.

शेवटी फक्त बटणं राहिली. इरानं पुढची पट्टी सरळ धरली आणि म्हणाली, "अण्णा, आता काज शिकवा."

अण्णांनी हात पाठीमागे नेले. मग म्हणाले, "काज मला येत नाही."

मी हसले. पन्नास वर्षं कोट शिवलेला शिंपी, आणि काज येत नाही. ते हसले नाहीत.

त्यांची थोरली बहीण होती, अंबक्का. तिच्या पाठीला कुबड होतं. वडिलांनी तिला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, पडद्याआड, म्हणजे गिऱ्हाइकांना दिसू नये. दुकानातलं प्रत्येक काज तिनं केलं, चाळीस वर्षं. लोक लांबून यायचे, काजाची तारीफ करायचे, आणि वडील मान डोलवायचे. वडील गेल्यावर दुकान अण्णांचं झालं. पडदा तसाच राहिला.

"तिचे ब्लाउज मीच शिवायचो," अण्णा म्हणाले. "एका खांद्यात कापूस भरून. सारखं दिसावं म्हणून. तिला विचारलो नाही कधी. वडील भरायचे, म्हणून मी भरलो."

ती जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यानंतरचे कोट काजासाठी बाहेर पाठवावे लागले, मग कोटच कमी झाले.  इरानं माझा फोन घेतला, काज कसं करायचं त्याचा एक व्हिडिओ शोधला आणि तो थांबवत थांबवत हातानं टाके घालायला लागली. तासभर लागला. काज एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला आवळलेलं, मधे दोरा निघालेला.

तिनं कुडता अण्णांच्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, उसवायला लावणार. अण्णांनी तो उजेडाकडे धरला. हात हलत होते, म्हणून इरानं खालून कापड धरलं. त्यांनी अंगठा काजावरून फिरवला, एकदा, परत एकदा.

"वाईट आहे ना?" इरानं विचारलं.

"माहीत नाही मा," अण्णा म्हणाले. "अक्काचं पहिलं काज कसं होतं, मी बघितलोच नाही."