हिरवळ समितीचा निर्भेळ विजय

भिंतीवाचून काहीही टिकत नाही. घर टिकत नाही, तुरुंग टिकत नाही आणि गवताची साधी पेशीसुद्धा टिकत नाही. कुरंबीन गावच्या बोल्स क्लबात हे गहन सत्य सर्वांत आधी डेस्मंड ऊर्फ डेस ट्रेगिअरला उमगलं. तो बावीस वर्षं हिरवळ समितीचा अध्यक्ष होता आणि त्याच्याआधी कुणाला काही उमगण्याची समितीत पद्धत नव्हती.

क्लबाचं सारं वैभव म्हणजे हरळीची एक चौकोनी हिरवळ. तिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं एका छोट्या पांढऱ्या चेंडूच्या दिशेने जड गोळे सोडतात (ज्याचा सर्वांत जवळ, तो जिंकला) आणि ते कुठे थांबतात हे बघता बघता म्हातारी होतात. यंदा नोव्हेंबरात जिल्ह्याच्या ढालीची अंतिम लढत याच हिरवळीवर व्हायची होती. ती ढाल आपल्या अंगणात जिंकायची, एवढी एकच इच्छा डेसने आयुष्यभर जपली होती (दुसरी जपली असती तर बरं झालं असतं, असं त्याची बायको म्हणे).

आणि नेमकं एप्रिलात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, हरळीतून परकं हिवाळी गवत डोकं काढू लागलं.

समितीने तणनाशक आणलं. हे औषध मोठं सभ्य होतं. ते कुणाला जाळत नाही, पिवळं पाडत नाही. नव्या पेशीला भिंत विणायला जो धागा लागतो, तेवढाच बंद करतं. मग कोवळ्या मुळाचं टोक फुगतं, गाठाळतं आणि तिथेच बसतं. ज्यांच्या भिंती आधीच उभ्या आहेत, त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही.

"म्हणजे जुन्यांना त्रास नाही आणि नव्यांना थारा नाही," डेस भारावून म्हणाला. "हे औषध आपल्याच कुणीतरी शोधलेलं दिसतंय!"

खात्री म्हणून त्याने त्याच महिन्यात दुप्पट मारलं.

क्लबाचा एक जुना रिवाज आहे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी हिरवळ पार मातीपर्यंत खरवडायची, वर वाळू पसरायची आणि कडेला उभं राहून पावात घातलेले सॉसेज खायचे. हरळी पुन्हा नव्याने धरते. हा शनिवार आजवर एकदाच चुकला आहे (महायुद्धामुळे, त्याबद्दल अजूनही नाराजी आहे).

ऑगस्टच्या बैठकीत ग्लेनिस पोकॉकने हात वर केला. ती त्रेपन्न वर्षांची, म्हणजे क्लबाच्या हिशेबाने कुमार गटातली. तिला येऊन तीनच वर्षं झाली होती आणि नव्या सभासदाने पहिली दहा वर्षं ऐकून घ्यावं, असा संकेत होता.

"डेस, डब्यावर लिहिलंय, औषध मारल्यावर वर्षभर हिरवळ खरवडू नका. नवी मुळं धरत नाहीत म्हणे."

"पोरी, डब्यावर तर लहान मुलांपासून दूर ठेवा असंही लिहितात. तरी तू डबा वाचलासच ना?"

सभा पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर ग्लेनिसने पुन्हा विचारलं, "अहो, पण यंदा खरवडलं नाही तर काय बिघडेल?"

"सॉसेज सांगून झालेत," डेस म्हणाला.

"कांदापण," खजिनदार नोएल गंभीरपणे म्हणाला.

कांद्याचा मुद्दा निर्णायक ठरून खरवडण्याचा ठराव संमत झाला. विरोधात एक मत पडलं. ते कुमार गटातलं असल्याने नोंदवलं नाही.

त्या शनिवारपर्यंत हिरवळ पाचूसारखी होती. शनिवारी ती खरवडली. त्यानंतर ती आलीच नाही. ऑक्टोबरात डेसने गुडघे टेकून हरळीचं एक कांड उपटलं. टोकाशी मुळं नव्हती, नुसती फुगलेली बोंडं होती. त्याला रडू येत होतं, पण समोर नोएल उभा होता.

समितीचा अहवाल मात्र समाधानकारक होता. हिवाळी गवत शून्य, यश शंभर टक्के. (हरळीही शून्यच होती, पण तो विषय पत्रिकेवर नव्हता.)

अंतिम लढत शेजारच्या टंबरी गावात हलवली. ग्लेनिस तोवर तिथल्याच, म्हणजे समोरच्या संघाच्या, क्लबात गेली होती. तिथे नव्यांना बोलू देत. शेवटचा गोळा तिचाच होता. तो चेंडूला हलकेच जाऊन टेकला आणि डेस हरला.

ती त्याच्यासाठी चहा घेऊन आली. "वाईट वाटून घेऊ नकोस, डेस."

"ऑगस्टपर्यंत किती छान होती गं आपली हिरवळ!"

"दिसत होती," ग्लेनिस म्हणाली. "संपली एप्रिलातच होती."

वाचकहो, डेसला खुशाल हसा. हसून झालं की आपल्या मंडळाच्या, सोसायटीच्या, झालंच तर स्वतःच्या डोक्याच्या कार्यकारिणीत शेवटचा नवा सभासद कधी घेतला, तेवढं आठवून पाहा. आठवत नसेल तर घाबरू नका. खिडकीतून बघा, सगळं कसं हिरवंगार दिसतंय. फक्त कुणाला खरवडू देऊ नका.