घनफळ आणि पोन्नी तांदूळ

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे गुरुमूर्ती मास्तर शाळेत गणित शिकवत, त्यामुळे घरी त्यांचं कोणी ऐकत नसे. मुलीला, सौम्याला, बघायला संध्याकाळी पापनाशमहून पाहुणे यायचे होते आणि मास्तरांनी नेमका त्याच दुपारी सबवूफर पुरा करायचा घाट घातला. पाहुण्यांच्या छातीत मृदंग घुमला पाहिजे!

स्पीकरच्या पेटीसाठी त्यांनी ड्रेनेजच्या पाइपाचा फूटभर रुंद तुकडा आणला होता. (अगदी कोरा, पण हे बायकोला कोण पटवणार?) त्याला प्लायवूडचा तळ चिकटवून मास्तर आतलं घनफळ काढायला बसले.

"एकशे सत्तावीस लिटर!" ते गरजले.

"म्हणजे आठ घागरी पाणी?" वत्सलाबाईंनी पाइपात डोकावून पाहिलं. "ह्यांत दोन मावल्या तरी पुष्कळ हो."

"पाय आर स्क्वेअर एच खोटं बोलत नाहीं!"

"मग ओतून बघा."

पाण्यानं प्लायवूड फुगेल म्हणून मास्तरांनी पंचवीस किलो पोन्नी तांदळाचं पोतं ओढलं. जेमतेम पाव पाइप भरेल, असा त्यांचा हिशेब. पोतं रिकामं झालं आणि पाइप काठोकाठ भरला.

"तांदूळ जुना आहे, फुगलाय," मास्तर म्हणाले.

नवं पातळ सावरत सौम्या बाहेर आली. "अप्पा, आर म्हणून पुरी रुंदी धरलांत कां? अर्धी धरायची नं?"

तेवढ्यात बेल वाजली. पुरावा लपवायला मास्तरांनी पाइपाला मिठी मारली आणि सगळा जोर लावून उचलला. पाइप वर आला. तळ खालीच राहिला. (ग्लू अजून ओला होता.) तांदूळ सळसळत थेट दारापर्यंत गेला.

वत्सलाबाईंनी दार उघडलं. मुलाची आई, नागलक्ष्मीबाई, पाऊल उचलून तशाच उभ्या.

"अय्यो! माप ओलांडायचं तें सुनेनं, आमच्या घरीं. तुम्ही मलाच ओलांडाय लावलांत?"

सौम्याला हसू आवरेना. मुलगाही हसत सुटला, आणि सूप मागून तिच्याबरोबर तांदूळ भरायला बसला. मृदंगाची कोणाला आठवणही झाली नाही.

कॉफी घेता घेता मास्तरांनी सारी हकीकत सांगून माफी मागितली. नागलक्ष्मीबाईंनी शांतपणे टंबलर खाली ठेवला.

"मुलगी पसंत. एकच विचारतें. हिला गणित कुणी शिकवलं?"

"दुसऱ्या सरांनी," वत्सलाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"मग कांही हरकत नाहीं."