जीवरामनानांच्या फ्रिजला ताप

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा जावई पहिल्यांदाच धुळ्याहून येणार, म्हणून जीवरामनानांनी एक छोटासा निर्णय घेतला. फ्रिज आपणच दुरुस्त करायचा. (नाना पाटबंधारे खात्यात कारकून. यंत्रांशी संबंध फार तर स्टेपलरपर्यंत.)

फ्रिज तीन दिवसांपासून धड गार करत नव्हता. आणि लग्नाच्या मांडवातच नानांनी छातीठोकपणे सांगून टाकलेलं, "अभिमनराव, अखाजीला या! आमच्या फ्रिजमधला आमरस खाल, तर जळगावच्या उन्हात दात वाजतील!" आता दात वाजले नाहीत, तर इभ्रत गेलीच.

आदल्या दिवशी नाना कामाला लागले. आधी आतलं बटण सातवर नेलं. मग प्लग उपसला, त्यावर दोनदा फुंकर मारली, परत खोचला. मग दाराच्या रबरात वर्तमानपत्राचा कागद अडकवून ओढला. रबर पक्कं निघालं, कागद फाटला. (त्यावर नानांचं राशिभविष्य होतं. वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं.) शेवटी मागच्या जाळीला हात लावला आणि ओरडले, "अगं, हा तापलाय!"

"कोन? ताप शे का त्याले?" यशोदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बाहेरचं ऊन आत शिरतंय! बर्फवाला लादीला काय करतो? गुंडाळतोच ना?"

झालं! घरातली सगळ्यात जाड गोधडी निघाली. दार तेवढं मोकळं सोडून नानांनी फ्रिज सुतळीने करकचून बांधला. शेजारच्या मंजुळाबाई ताक ठेवायला आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"नाना, पार्सल करताय का धुळ्याला?"

रात्रभर फ्रिज म्हाताऱ्यासारखा धापा टाकत होता. सकाळी एकदाच मोठ्याने कण्हला आणि गप्प झाला.

हबीब मिस्त्री आला. गोधडी पाहून त्याने पेटी खाली ठेवली. "नाना, ये क्या किया? हा मागच्या जाळीतून गरमी बाहेर टाकतो. तुम्ही त्याचा दमच कोंडला!"

"पण आधीच गार करत नव्हता..."

"जाळीवर बोटभर धूळ हाय. ब्रशचं काम होतं." त्याने जाळी झाडली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि प्लग काढून ठेवला. "आता मोटर निवू द्या. संध्याकाळपर्यंत चालू करायचा नाही."

गल्लीतल्या बायका फ्रिजमध्ये ठेवलेली आपापली भांडी घेऊन गेल्या. रसाचं पातेलं यशोदाबाईंनी मुकाट्याने माठाखालच्या ओल्या वाळूत रोवलं. तेवढ्यात दारात रिक्षा वाजली. गोधडी अजून बैठकीत पसरलेली! नानांनी ती चपळाईने दिसेनाशी केली.

पंगत बसली. अभिमनरावांनी रसाची वाटी तोंडाला लावली आणि डोळेच मिटले.

"मामा, मानलं! काय गार आहे!"

"मशीनच तशी आहे हो," नाना मिशीवरचा रस पुसत म्हणाले. "रात्रंदिवस राबते बिचारी." (यशोदाबाईंना खोकला आला.)

"अजून एक वाटी घेतो. तुम्ही बसा, मामी, मीच काढतो."

नानांच्या तोंडात पुरणपोळीचा मोठा घास होता. तो खाली उतरेपर्यंत जावयाने फ्रिजचं दार उघडलंसुद्धा.

आत ना दिवा, ना रस. होती फक्त कोंबून बसवलेली गोधडी, आणि तीही घसरत घसरत थेट जावयाच्या पायांवर आली. अभिमनरावांनी ती उचलली, चारपदरी घडी घालून आत ठेवली, दार हळूच लावलं आणि पाटावर येऊन बसले.

"मामा, कपाट झकास आहे," ते अदबीने म्हणाले. "आता फ्रिज दाखवा."