लेकरू कुणावर गेलंय?

उगले सर कुणाला नाव विचारत नाहीत. तोंडाकडं बघतात, जाड काळपट चष्मा नाकावर सरकवतात आणि समोरच्याच्या बापाचं नाव सांगतात. वर इंग्रजीत शेरा मारतात. नांदूरघाटात त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी बाप शिकवले, मग त्यांची पोरं. त्यामुळं निवृत्त झाले तरी गावातला एकही चेहरा त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

शेरे ठरलेले. चेहरा जुळला तर 'स्पिटिंग इमेज', म्हणजे आईबापाच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलेलं. गुण जुळले तर 'चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक', जुन्या ओंडक्याचीच ढलपी. एका एसटी कंडक्टरला त्यांनी भर गर्दीत सांगितलं, "तू चिप हायस. तुझा बापबी असाच सगळ्यांवर खेकसायचा." कंडक्टरनं मुकाट्यानं त्यांना जागा करून दिली.

मला त्यांनी चिप म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी गावात पाणी, रस्ता, शाळेचं गळकं छत यांवर पत्रकं काढतो. माझा बाप पुढाऱ्याच्या मागं हार धरून उभा राहतो.

"सर, मी कशात बापासारखा?"

"नववीत तुझा बाप बाकावर चढून वरडला होता, सायकली कुठं लावायच्या म्हणून. तूबी वरडतोस. त्याचं पुढं थांबलं. तुझं बघू."

माणसाला बापावरून ओळखणं ही गुलामीची खूण आहे, असं पत्रकच मी काढलं. सरांनी ते लाल पेनानं तपासून परत दिलं. दहापैकी सहा. खाली लिहिलं होतं, 'राग चांगला. मुद्दा एकच, पण तीनदा.'

गावानं मात्र सरांच्या या नादाची रीतच करून टाकली. बारशाला नाव ठेवायच्या आधी सरांना बोलवायचं. सर पाळण्यात वाकणार, शेरा देणार, घुगऱ्या खाणार, मग नाव. मला ही रीत हास्यास्पद वाटायची. आमच्या गल्लीतल्या सविताच्या वेळी ती भयंकर वाटली.

सविताचा नवरा रमेश काळासावळा, तीही तशीच. लेकरू गोरं आणि घाऱ्या डोळ्यांचं. सासूनं गल्लीत बोलून दाखवलं, "आमच्यात घारे डोळे कुणाचे न्हाईत. सर बघतील. न्हाई म्हणले तर हिनं लेकरू घेऊन चकलांब्याला माहेरी जावं." रमेश खाली बघत राहिला. बारा दिवसांच्या बाळंतिणीचं घर एका म्हाताऱ्याच्या इंग्रजी शेऱ्यावर टांगलेलं होतं.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं आणि सरांकडं गेलो. 'बाईला तपासणारे तुम्ही कोण?' असा मथळा होता. सरांनी वाचलं. या वेळी मार्क दिले नाहीत.

"सर, तुम्ही जाऊच नका."

"न्हाई गेलो तर काय समजतील बे? मला सांगवंना म्हणून आलो न्हाई, असंच ना?" त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "चल माझ्यासंगं. तोंड मिटून."

बारशाचं घर बायकांनी भरलेलं. सविता भिंतीला टेकून बसलेली, नजर जमिनीवर. सर पाळण्यापाशी गेले आणि बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "रमेश, हिकडं ये. सातवीत पाठ आला न्हाई की कसा बघायचास? तसं बघ."

रमेशनं कपाळाला आठ्या घातल्या. लेकरू उजेडानं किरकिरलं आणि त्यानंही घातल्या.

"स्पिटिंग इमेज," सर म्हणाले. "हुबेहूब."

"आन् डोळे?" सासू.

"रंग बदलतो काहींचा. न्हाई बदलला तर तुमच्या सासऱ्यावर गेलं म्हणायचं. म्हाताऱ्याचे डोळे घारेच होते की."

सासू गोंधळली. "व्हते का? म्या तर कदी मान वर करून बघितलं न्हाई त्यांच्याकडं." मग म्हणाली, "असतील. सर म्हणत्यात तर असतील."

सवितानं मान वर केली आणि लेकराचं टोपडं नीट केलं. नाव ठेवलं गेलं. सरांनी घुगऱ्या दोनदा घेतल्या.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "म्हाताऱ्याला तुम्ही कधी बघितलंत?"

"मी गावात आलो तवा तो जाऊन चार वर्षं झालती."

"म्हणजे धडधडीत खोटं."

"बारा दिवसांच्या लेकराचं तोंड कुणासारखंच नसतं. इतकी वर्षं मी त्या त्या घराला लागंल तेच सांगत आलोय."

वडाखाली सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. इतक्या वर्षांत मी त्यांना चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं. डोळे घारे होते, मांजरासारखे.

"मला घेऊन माझ्या आईनं भावाच्या दारात जन्म काढला," ते म्हणाले. "आमच्या घरी पाळण्यात बघायला कुणी आलं न्हवतं."

सरांनी चष्मा घातला, माझ्या खिशाकडं बोट केलं.

"पत्रक चांगलं हाय. छाप. फकस्त त्या घराचं नाव घालू नको. तिला तिथंच ऱ्हायचंय."